मुळांखालचं पाणी

पाणी वरून खाली जातं, ही साधी गोष्ट आमच्या आईबाबांना वाटणी करताना सुचली नाही. कुरणाचा अख्खा उतार, गोठा आणि वरचं घर त्यांनी मला दिलं. पायथ्याचं घर आणि विहीर धाकटीला. दोघी खूश. मला गाईंचं वेड आणि धाकटीला लहानपणापासून गाईंची भीती, त्यामुळे वाटणीवरून चकार शब्द झाला नाही. सख्ख्या बहिणी शेजारी राहतात आणि तरी भांडत नाहीत, याचं लोकांना फार कौतुक. लोकांना काय, कशाचंही कौतुक वाटतं.

मग धाकटीला नात झाली. बाळाला वरचं, पावडरचं दूध पाण्यात कालवून द्यावं लागत होतं, म्हणून दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्या. धाकटीने तपासून घेतलं. उत्तर आलं की पाण्यात नायट्रेट फार आहे, उकळूनही जाणार नाही, बाळाच्या बाटलीत हे अजिबात घालू नका. विहिरीच्या वरच्या बाजूला ना कारखाना, ना गटार. आहे तो फक्त माझा उतार, आणि त्यावर माझ्या गाई.

ती तरातरा चढ चढून आली. मी धार काढत होते. गोठ्याच्या दारातूनच ओरडली, "ताई, तुझ्या गाईंचं मूत माझी नात पितेय!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मी म्हटलं. "गाई काय आजपासून चरतायत? आपण दोघी त्याच विहिरीवर वाढलो ना?"

"तेव्हा गाई किती होत्या आणि आता किती आहेत?"

मी आवाज चढवला. उत्तर नसलं की माझा आवाज आपोआप चढतो. मग तिचाही चढला. बिचारी गाय दूध आखडून उभी राहिली. शेवटी धाकटी म्हणाली, "एक पावसाळा देते तुला. तेवढ्यात काही बदललं नाही, तर मी पाणी खात्याकडे तक्रार देणार आणि तुझा उतार चरायला बंद करून घेणार." आणि गेली. त्या दिवसापासून तिच्या दाराशी विकतच्या पाण्याचे कॅन उतरायला लागले, आणि ती वर यायची बंद झाली.

उतार बंद होणं म्हणजे अर्धा कळप विकणं. माझ्या गोठ्यातली एकेक गाय मी तिच्या आजीपासून ओळखते. कुणाची आजी लाथ मारायची, कुणाची दार उघडून पळायची, सगळं मला पाठ. त्यातल्या अर्ध्यांना गाडीत चढवायचं म्हटल्यावर माझं जेवणच सुटलं. घास उतरेना. ताट पुढे घ्यायचं आणि तसंच सरकवायचं, असं रोज चाललं होतं. आमचे हे समोर बसून बघायचे. हे बोलायला मुळातच कंजूष. बघायला मात्र नाहीत.

शेवटी यांनीच माती-पाण्याच्या प्रयोगशाळेत फोन लावला, आणि तिथून एक बाई आली. माझ्या मुलीच्या वयाची असेल. पायात गमबूट, खांद्याला लांबलचक नळ्यांचा भारा. मी तिला लगेच नळीबाई म्हणायला लागले. तिला राग आला नाही, उलट प्रयोगशाळेत फोन करून "मी नळीबाई बोलतेय" असं सांगून हसली. तेव्हाच मला ती आवडली.

तिने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या कुरणात सगळ्यात हिरवंगार गवत कुठे आहे?"

मी मोठ्या ऐटीत तिला उतारावर नेलं. आमच्या कुरणात जागोजागी गडद हिरवे गोल डाग असतात, ताटाएवढे, परातीएवढे. तिथलं गवत इतरांपेक्षा हातभर उंच. मी म्हटलं, "हे बघ. अशी जमीन सोनं मोजूनही मिळत नाही."

"इथे गाय मुतलीये," ती म्हणाली. "आणि इथूनच तुमची गळती होतेय."

मग तिने समजावलं. गाय जे खाते त्यातलं नत्र तिच्या अंगाला थोडंच लागतं, बाकीचं मागून बाहेर. ते एकाच जागी इतकं पडतं की तिथल्या गवताने कितीही खाल्लं तरी संपत नाही. त्यात आम्ही वरून युरिया टाकणार. मग पाऊस आला की उरलेलं सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. एकदा मुळांच्या खाली गेलं की ते गवताच्या हातातून गेलं. तिथून ते सरळ विहिरीची वाट धरतं. मी आयुष्यभर ज्या डागांकडे बघून खूश होत होते, तेच धाकटीच्या विहिरीत झिरपत होते. मला असा राग आला! पण रागवायचं कुणावर? गाईवर?

उपायही तिने सांगितले. युरिया निम्म्यावर आणायचा, आणि पावसाच्या तोंडावर तर चिमूटभरही टाकायचा नाही. पाऊस सुरू झाला की गाई दुपारनंतर कुरणावर ठेवायच्या नाहीत. छपराखाली लाकडाच्या भुशावर बांधायच्या, म्हणजे मूत भुशात मुरेल, आणि तो भुसा कोरड्या दिवसांत पातळ पसरता येईल. आणि गवतात एक नवी वनस्पती पेरायची, लांबट रुंद पानांची, जमिनीला धरून वाढणारी. तिचं नाव भलं मोठं होतं, माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी तिला पालेभाजीच म्हणत असे.

"ही खाल्ली की गाई जास्त वेळा मुततात," नळीबाई म्हणाली, "पण पातळ."

"म्हणजे मुतानेच मुतावर औषध?" मी विचारलं.

"एका जागी बादली ओतण्यापेक्षा दहा जागी तांब्या बरा नाही का?"

हे मला पटलं. माझ्या भाषेत बोललं की मला पटतं.

हे सगळं करून उपयोग होतोय की नाही, ते विहीर लगेच सांगणार नव्हती. विहिरीत पूर्वीचंही साठलेलं, ते निघून जायला काही वर्षं लागतात. म्हणून नळीबाईने उताराच्या मधल्या पट्ट्यात नळ्या पुरल्या. नळीच्या टोकाला सच्छिद्र मातीचा कप, तो मुळांच्याही खाली. पाऊस झाला की ती यायची, हातपंपाने नळीतली हवा ओढून ठेवायची, आणि मुळांखालून निघालेलं पाणी बाटलीत जमायचं. त्या पाण्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याला घालून दिलेल्या मर्यादेखाली आलं, तर धाकटी तक्रार देणार नव्हती. तसं तिने नळीबाईजवळ कबूलच केलं होतं. माझ्याकडे निरोप पाठवला नाही.

पावसाळाभर मी गोठा सांभाळला. गुडघ्यामुळे मला ओल्या उतारावर जाता येत नाही, त्यामुळे भुसा टाकणं, भुसा उचलणं, दुपारी आत यायला कुरकुरणाऱ्या गाईंशी भांडणं, हे माझं. कुरणात गाईंना अडवणारी विजेच्या झटक्याची तार सरकवणं यांचं. रोज सकाळी तार थोडी पुढे न्यायची, म्हणजे गाईंना त्या दिवसापुरतं ताजं गवत मिळतं आणि सगळं कुरण एका दमात तुडवलं जात नाही. हे काम हे इतकी वर्षं करतायत की डोळे मिटून करतील.

पाऊस सरला आणि नळीबाईचा फोन आला. नायट्रेट जवळजवळ नाहीच! तिचा आवाज जरा गोंधळलेला वाटला. "इतकं कमी मी कुठल्याच चरलेल्या कुरणात पाहिलं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग आता बघ." माझ्या जिवात जीव आला होता, मला कुणाचे गोंधळ ऐकायचे नव्हते.

त्याच दिवशी दुपारी धाकटी वर आली. नातीला कडेवर घेऊन आली. माझ्या स्वयंपाकघरातल्या तिच्या नेहमीच्या जागी बसली, चहात साखर कमी आहे म्हणाली, स्वतः उठून घातली. इतक्या महिन्यांनी तिची कटकट ऐकून मला रडू फुटलं. तीही रडली. बाळ दोघींकडे आळीपाळीने बघत होतं. धाकटी म्हणाली, "तक्रार-बिक्रार काही नाही आता. दोन-तीन वर्षांत विहीर सुधारेल. हिला मी हातात तांब्या धरून आपल्या विहिरीचं पाणी पाजीन, बघ."

ऊन पडलं होतं, वाट कोरडी होती. मी काठी घेऊन तिला सोडायला अर्ध्या उतारापर्यंत गेले. ती खाली गेली आणि मी म्हटलं, आलोच आहोत तर आपल्या गुणी नळ्यांना भेटून जावं.

नळ्यांपाशी पोचले आणि तिथेच थबकले. आजूबाजूचं सगळं कुरण गडद डागांनी भरलेलं होतं. डाग पूर्वीपेक्षा लहान, फिके, पण होते. नळ्यांच्या पट्ट्यात एकही नव्हता. एकसारखं, फिकट, नीटनेटकं गवत. शेणाचा पो नाही. खुराचा ठसा नाही. मी खाली वाकले, गुडघा बोंबलला तरी वाकले, आणि गवताची टोकं पाहिली. गाय जिभेने गवत ओढून तोडते, तिची टोकं फाटकी, वेडीवाकडी असतात. ही टोकं सरळ होती. ही विळ्याने कापलेली होती.

यांच्याशिवाय कोण असणार?

घरी आले तेव्हा हे कपबशा विसळत होते. मी दारातूनच विचारलं, "अहो, नळ्यांवर गाई चरल्याच नाहीत ना?"

हे कपबशा विसळतच राहिले. मग म्हणाले, "तार जरा वळवून घ्यायचो."

"जरा?"

"त्या पट्ट्याभोवती."

"आणि गवत?"

"नळीबाई येणार असली की आदल्या दिवशी विळा घेऊन जायचो. म्हणजे चरल्यासारखं दिसेल."

"अहो, पण का?"

"तू जेवत नव्हतीस," हे म्हणाले.

आता अशा माणसाचं काय करायचं, सांगा. आयुष्यात या माणसाने दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, आणि माझ्या ताटातल्या अन्नासाठी पावसात भिजत, विळ्याने गवत कापून अख्ख्या प्रयोगशाळेला फसवलं. मला त्यांचा संताप आला आणि त्याच क्षणी इतकी माया आली की दोन्हींतलं आधी काय बाहेर काढावं कळेना. संताप आधी निघाला. नेहमीच निघतो. पुरतं तोंडसुख घेतलं मी.

माझं बोलून संपल्यावर हे हळूच म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दोघींना कळलेलं नाही. पुढच्या वर्षी नीट करू."

खोटं कशाला सांगू, मोह मलाही झाला. गाई राहत होत्या. उतार राहत होता. टेबलावर धाकटीचा उष्टा कप तेवढा विसळायचा राहिला होता. गप्प बसायचं होतं, बस. पण खाली काय उतरतंय ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि धाकटी मात्र नातीला पाणी पाजायची स्वप्नं बघत होती. ते पोर आत्ताच माझ्या मांडीवर बसून माझं बोट चावून गेलं होतं. मी काठी उचलली.

"आत्ता?" यांनी विचारलं.

"उद्यावर टाकलं तर मी सांगणारच नाही. मला मी ओळखते."

धाकटी बाळाचे वाळलेले कपडे घड्या करत होती. मला बघून हसली. "काय गं, करमेना का?"

मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. तार, विळा, सगळं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मी दाखवला. तिच्या हातातलं झबलं घडी न होताच राहिलं. तेवढ्यात हे मागून आले, धापा टाकत. "चूक माझी आहे," हे म्हणाले, "हिला काहीही माहीत नव्हतं."

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा," धाकटी म्हणाली. यांना गप्प बसायला सांगणारी जगात ती एकटीच असेल. मग माझ्याकडे वळली. "तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं असतं?"

"नसतं."

"मग कशाला सांगितलंस?"

"तू तिला पाणी पाजणार म्हणालीस म्हणून."

तिने झबल्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मी मनात अर्धा कळप विकून टाकला. कुणाकुणाला विकायचं तेही ठरवलं, आणि त्यातली एकही विकायला मन तयार होईना.

"अजून एक पावसाळा," ती शेवटी म्हणाली. "पण या वेळी तार मी सरकवणार."

"तू? तुला गाईंची भीती वाटते."

"वाटू दे. तुमच्या दोघांवर विश्वास ठेवण्यापेक्षा गाई परवडल्या."

नळीबाईला मी स्वतः फोन केला. ती रागावली नाही. तिलाही आकडा खटकलाच होता, दुसऱ्यांदा पाणी काढायला ती येणारच होती. "बरं झालं तुम्हीच सांगितलंत," म्हणाली. या वेळी तिने नळ्या एका रांगेत न पुरता उतारभर विखरून पुरल्या. वरच्या कोपऱ्यातला एक तुकडा जुन्या पद्धतीनेच चालवायला सांगितला, म्हणजे फरक कळेल.

आणि तो पावसाळा! सकाळी सकाळी धाकटी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तारेचं रीळ घेऊन उतारावर, आणि तिच्यामागे माझा सगळा कळप. तार पुढे सरकली की ताजं गवत मिळतं, हे गाईंना दोन दिवसांत कळलं. त्यांना ती बाई देवासारखी वाटायला लागली. ती पळायची, त्याही पळायच्या. "ताई, हिला सांग, मला चाटू नको म्हणावं!" असा आरडाओरडा गोठ्यापर्यंत ऐकू यायचा. मी आणि हे भुसा टाकता टाकता पोट धरून हसायचो. यांची रवानगी भुशावर झाली होती आणि यांची काही तक्रार नव्हती. महिन्याभरात धाकटी मला येऊन सांगायला लागली की शिंग मोडलेलीला पालेभाजी जास्त आवडते आणि लाथाडीला तारेच्या पलीकडचंच गवत हवं असतं. जसं काही मला माहीतच नव्हतं! पण मी ऐकून घेतलं.

एका ओल्या दुपारी गाई आत आणायला उशीर झाला, तर ती स्वतःच त्यांना हाकत गोठ्यात घेऊन आली. नखशिखान्त चिंब. शिव्या मात्र गाईंना नाही, मला.

पाऊस उघडला आणि नळीबाई उत्तर घेऊन स्वतः आली. आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो. धाकटीची नात आता चालत होती, यांच्या गुडघ्याला धरून उभी होती.

"जुन्या पद्धतीच्या तुकड्यापेक्षा निम्म्याहून कमी," नळीबाई म्हणाली. "फार चांगलं आहे हे, खरंच. इतक्या लवकर इतकं कमी होताना मी क्वचित पाहिलंय." मग तिने कप खाली ठेवला. "पण मर्यादेच्या अजून थोडं वर आहे."

मी डोळे मिटून घेतले. थोडं काय आणि फार काय, मर्यादा ती मर्यादा. अट धाकटीने घातली होती आणि ती रास्त होती, मी तिला कुठल्या तोंडाने अडवणार? यांनी टेबलाखालून माझा हात धरला. गेल्या वर्षी खोट्या आकड्यावर उतार वाचला होता, आणि आता खऱ्या आकड्याने तो जाणार, असं मला वाटलं.

धाकटीने माझ्याकडे पाहिलंच नाही. नळीबाईला विचारलं, "अजून काय करता येईल?"

"भर पावसाच्या महिन्यांत गाई सकाळचे दोन-तीन तासच सोडायच्या. पालेभाजी खालच्या अंगाला दाट पेरायची. युरिया तिथे पूर्ण बंद."

"होईल मर्यादेखाली?"

"वचन देत नाही. पण होईल असं वाटतं मला."

"मग तक्रार कशाला?" धाकटी म्हणाली. "तक्रार केली तर कुरण बंद होईल आणि गाई विकल्या जातील. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीच्या वर जाऊन मुततील. तिथे तार कोण सरकवणार आहे?"

मग ती माझ्याकडे वळली. बोट माझ्यावर रोखलेलं. "ऐक. भर पावसात दोन तास म्हणजे दोन तास, तुला गाईंची दया आली तरी. खालच्या अंगाला पेरणी पुढच्या आठवड्यात, माझ्यासमोर. युरियाची पोती आजच्या आज परत पाठवायची. आणि नीट जेवायचं, नाहीतर हे भाऊजी परत काहीतरी उद्योग करून ठेवतील. कळलं?"

जन्मापासून मी थोरली. तिला ऊठ म्हटलं मी, बस म्हटलं मी, शाळेत नेलं, रस्ता ओलांडताना कान धरला. ती सांगणार आणि मी ऐकणार, असं आमच्या घरात कधी घडलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर चार उत्तरं तयार होती, सवयीने. ती सगळी गिळली.

"बरं," मी म्हटलं.

धाकटी दचकलीच. यांच्याकडे बघितलं, नळीबाईकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"बरं म्हटलं बाई, बरं!" मी म्हटलं, आणि पोती उचलायला यांना हाक मारली.